चौदा कंठ आणि एक वर्ष

अमेरिकेच्या ईशान्य भागातील कनेटिकट राज्यात न्यू हेवन नावाचे जे विद्यापीठनगर आहे, त्यातील यॉर्क रस्त्यावर ‘मोरीज’ या नावाचे एक जुने भोजनगृह आहे. आणि विद्यापीठाचे सत्र चालू असताना सोमवारी रात्री तेथे जेवणाच्या मेजांमधून वाट काढीत काही विद्यार्थी येतात, अर्धवर्तुळ करून उभे राहतात, आणि मग त्यांच्यातला एक जण तळहातात मावेल अशी एक लहानशी स्वरनळी ओठांशी नेऊन तिच्यात हलकेच फुंक घालतो. ताटांच्या आणि चमच्यांच्या खणखणाटात ती फुंक जेवणाऱ्यांना बहुधा ऐकूही येत नाही. ज्यांच्यासाठी ती घातलेली असते त्यांना मात्र ती पुरते. क्षणभर प्रत्येक जण त्या एका स्वराच्या आधाराने आपापला निराळा स्वर मनाशी जुळवून घेतो, हाताची एक लहानशी खूण होते, आणि तंबोरा नाही, पेटी नाही, पियानो नाही, अशा त्या जागेत केवळ मनुष्यकंठांतून एक भरघोस नाद उमटतो.

हे विद्यार्थी येल विद्यापीठाचे, आणि त्यांच्या मंडळीचे नाव ‘व्हिफनपूफ्स’. १९०९ साली स्थापन झालेली ही मंडळी अमेरिकेतील विद्यापीठांमध्ये वाद्यांवाचून गाणाऱ्या विद्यार्थी-संघांत सर्वांत जुनी म्हणून ओळखली जाते. शंभर वर्षांहून अधिक काळ एखादी गायकमंडळी टिकावी यात आपल्याकडच्या वाचकाला विशेष नवल वाटणार नाही, कारण याहून कितीतरी जुन्या वारकरी फडांची व कीर्तनपरंपरांची आपल्याला ओळख आहे. नवल आहे ते निराळेच. या मंडळीत चौदा जागा असतात, आणि त्या चौदाही दरसाल एकदमच रिकाम्या होतात; कितीही गोड गळ्याचा गायक असला तरी त्याची मुदत एका वर्षाची, आणि ते वर्ष सरले की त्याने उठून जायचे. जी संस्था दर वर्षी समूळ रिती होते ती टिकली कशी, आणि जिने प्रारंभी आपल्या दारांना एवढे अडसर घातले होते तिला ते अखेर काढावे लागले कशामुळे, या दोन प्रश्नांचा मी जेव्हा जेव्हा विचार केला, तेव्हा तेव्हा मला त्या दोहोंचे उत्तर एकच दिसले, आणि ते या मुलांच्या गाण्याच्या रीतीतच दडलेले आहे असे वाटले. म्हणून आधी त्या रीतीविषयीच थोडे विस्ताराने लिहितो.

आपले संगीत हे मूलतः एका स्वररेषेचे संगीत आहे. एकटा गवई गात असो की शंभर टाळकरी अभंग म्हणत असोत, साऱ्यांचा स्वर एका क्षणी एकच असावा, आणि तो जितका एकजीव होईल तितके ते गाणे सरस, अशी आपली धारणा. युरोपीय संगीताने दुसरी वाट धरली. तेथे एकाच क्षणी एकाने षड्ज लावला तर दुसऱ्याने गंधार लावावा, तिसऱ्याने पंचम धरावा, आणि या भिन्न स्वरांच्या एकत्र उच्चारातून जो संवाद निर्माण होतो त्यालाच गाण्याचा आत्मा मानावे, असा विचार शतकानुशतके वाढत गेला. या स्वरमेळाचे जे अनेक प्रकार आहेत, त्यांत निकट स्वरमेळ, म्हणजेच ‘क्लोज हार्मनी’, हा एक विशेष नाजूक प्रकार होय. त्यात निरनिराळ्या गायकांचे स्वर एकमेकांपासून दूर पसरलेले नसतात; शक्यतो एकाच सप्तकाच्या पोटात ते अगदी खेटून उभे केलेले असतात. पुरुषकंठांचे सामान्यतः चार भाग पाडतात. दुसऱ्या क्रमांकाचे टेनर पुष्कळदा गाण्याची मुख्य चाल सांभाळतात, पहिले टेनर तिच्या वर तरळत राहतात, बास खर्जाचा पाया घालतात, आणि बॅरिटोन हे या सर्वांच्या मध्ये जी फट उरेल ती भरून काढतात. बॅरिटोनचा भाग एकटा म्हणून दाखविला तर तो कोणत्या गाण्याचा आहे हे ओळखणेही अवघड व्हावे, इतका तो ओबडधोबड व चालीला पारखा असतो. परंतु तोच काढून घेतला तर सारी इमारत पोकळ वाजू लागते.

स्वर इतके जवळजवळ असल्यामुळे या गाण्यात चूक लपत नाही. दूर अंतरावरचा स्वर किंचित उतरला तर कान कदाचित क्षमा करील, शेजारचा उतरला तर तो लगेच खुपतो. म्हणून येथे गायकाचे पहिले कर्तव्य गाणे हे नसून ऐकणे हे आहे. आपला आवाज जर शेजाऱ्याच्या आवाजावर चढत असेल तर तो आवरायचा, त्याचा ‘आ’ जर मिटता असेल तर आपलाही मिटता ठेवायचा, त्याने श्वास घेतला असेल तेथे आपण श्वास न घेता धागा तुटू द्यायचा नाही. हे सगळे नीट साधले म्हणजे जे घडते त्याची कल्पना तंबोऱ्याच्या सहवासात वाढलेल्या माणसाला सहज येईल. उत्तम जुळलेल्या तंबोऱ्यातून कोणत्याही तारेला न लावलेला गंधार जसा आपोआप ऐकू येतो, आणि त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, त्याप्रमाणेच चार कंठांचे स्वर शुद्ध प्रमाणात लागले की त्यांच्या डोक्यावर कोणीच न गायलेला एक पाचवा स्वर झंकारू लागतो. या प्रकारच्या गाण्यात ज्या एका चतुःस्वरी मेळाचे सर्वांत अधिक महत्त्व आहे, त्यातील स्वरांच्या आंदोलनांचे प्रमाण नेमके जुळले तर ते ४:५:६:७ असे येते. पियानोच्या बांधील पट्ट्यांवर हे प्रमाण मिळत नाही, ते केवळ एकमेकांना ऐकणाऱ्या गळ्यांनाच साधते.

मराठी मुलखाच्या शेजारी गोव्यात ही विद्या अगदीच परकी नाही. तेथील चर्चच्या शाळांमधून मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना स्वरलेखन वाचायला व भाग पाडून गायला शिकवीत आले, आणि त्याच संस्कारातून एकोणिसाव्या शतकात बहरलेला कोंकणी मांडो आजही घुमट व व्हायोलिनच्या साथीवर दोन समांतर स्वररेषांत गाइला जातो. मांडो ऐकलेल्या माणसाला दोन स्वर हातात हात घालून चालतात म्हणजे काय होते हे सांगावे लागत नाही. निकट स्वरमेळात तेच चार जण, अधिक गर्दीत आणि अधिक सावधपणे चालत असतात, एवढेच.

अमेरिकेत ही रीत रुजली कोठे याचा शोध घेऊ गेले असता, विद्यापीठांच्या भव्य सभागृहांऐवजी आपल्याला गावोगावच्या रस्त्यांच्या कोपऱ्यांकडे आणि न्हाव्यांच्या दुकानांकडे जावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील कृष्णवर्णीय तरुण अशा ठिकाणी जमून चौघाचौघांच्या गटाने गात, एखादा स्वरमेळ जमला की तो पुन्हा पुन्हा घोळवीत, लांबवीत. ‘बार्बरशॉप’ हे या गाण्याला मिळालेले नाव त्याचीच खूण होय. कवी जेम्स वेल्डन जॉन्सन याने १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आध्यात्मिक गीतांच्या संग्रहाच्या प्रस्तावनेत बालपणीच्या अशा चौकड्यांची आठवण मोठ्या जिव्हाळ्याने नोंदविली आहे. त्याच्याही आधी, १८७१ साली, नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठाच्या नऊ विद्यार्थ्यांनी, ज्यांतले बहुतेक गुलामगिरीत जन्मलेले होते, आपली डबघाईला आलेली शाळा वाचविण्याकरिता गात गात देश पालथा घातला होता, आणि त्या गाण्याच्या बिदागीतून उभा राहिलेला ‘ज्युबिली हॉल’ हा इमला १८७६ सालापासून आजतागायत उभा आहे. असे असूनही १९३८ साली ओक्लाहोमातील टल्सा येथे बार्बरशॉप गायनाच्या संवर्धनासाठी जी राष्ट्रीय संस्था निघाली, तिने १९६३ पर्यंत कृष्णवर्णीयांना आपल्यात प्रवेश दिला नाही. ज्यांच्या कानांनी ही कला घडविली त्यांनाच तिच्या घराबाहेर उभे करण्यात आले, ही गोष्ट या इतिहासाच्या वाचकाने विसरता कामा नये. कारण कला कोणाची आणि मेज कोणाचे, हा प्रश्न पुढे येलच्या मंडळीच्या कथेतही निराळ्या रूपाने येणारच आहे.

आता त्या येलकडे वळू. १७०१ साली कनेटिकट वसाहतीत धर्मोपदेशक तयार करण्यासाठी एक लहानसे विद्यालय निघाले, आणि १७१६ साली ते न्यू हेवन येथे आले. इमारतीला पैसा अपुरा पडत होता, तेव्हा विश्वस्तांच्या हितचिंतकांनी लंडनमध्ये राहणाऱ्या एलिहू येल या धनिकाकडे धाव घेतली. हा येल जन्माने बॉस्टनचा. परंतु त्याची सारी संपत्ती हिंदुस्थानातली. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत तो १६७२ साली मद्रासला आला, कारकुनापासून चढत चढत १६८७ साली फोर्ट सेंट जॉर्जचा गव्हर्नर झाला, आणि कंपनीच्या कारभारात स्वतःचा खासगी व्यापार केल्याच्या आरोपांवरून १६९२ साली त्या पदावरून दूर झाला. त्याने १७१८ साली विद्यालयाला जी देणगी पाठविली तिच्यात ४१७ ग्रंथ होते, राजा पहिल्या जॉर्जचे एक चित्र होते, आणि नऊ गाठोडी माल होता. त्या मालाच्या विक्रीतून ५६२ पौंड आले, आणि कृतज्ञ विश्वस्तांनी विद्यालयाला त्याचे नाव दिले. आज जगभर ज्या नावाचा दबदबा आहे ते नाव मद्रासच्या बंदरात साठलेल्या संपत्तीच्या मोबदल्यात मिळालेले आहे, हे आपण हिंदी वाचकांनी तरी लक्षात ठेवावे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या विद्यापीठांतून समूहगानाची हौस चांगलीच पसरली. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकापासून सद्गृहस्थांच्या मंडळ्या भोजनोत्तर ‘ग्ली’ नावाची अनेककंठी गीते गात असत, आणि त्यांचे अनुकरण करून हार्वर्डमध्ये १८५८ साली व येलमध्ये १८६१ साली ‘ग्ली क्लब’ स्थापन झाले. मोठ्या मंडळीचा कार्यक्रम चालू असता मधूनच चार निवडक गायकांनी पुढे येऊन हलकीफुलकी पदे म्हणावीत, असाही शिरस्ता पडत गेला. त्या चौकडीस येलमध्ये ‘व्हार्सिटी क्वार्टेट’ म्हणत. १९०८-०९ च्या हिवाळ्यात ही चौकडी व तिचे स्नेही ज्या ठिकाणी आठवड्यातून एकदा जमत ते ठिकाण म्हणजे मोरीज. मोरिआर्टी नावाच्या दांपत्याने एकोणिसाव्या शतकात सुरू केलेली ती मद्यगृहाची जागा तेव्हा टेंपल रस्त्यावर होती, आणि तिचा चालक लुई लिंडर हा विद्यार्थ्यांना अत्यंत प्रिय होता. तेथे जेवावे, प्यावे, आणि लुई कान देऊन ऐकत असताना नवनवे स्वरमेळ जुळवून पाहावेत, यापलीकडे त्या मुलांचा काही उद्देश नव्हता.

संस्थापक म्हणून ज्या पाच जणांची नावे सांगितली जातात ते मीड मिनिगरोड, जॉर्ज पॉमरॉय, जेम्स हॉवर्ड, कार्ल लोमन आणि डेंटन फाउलर. त्यांपैकी मिनिगरोड पुढे ऐतिहासिक विषयांवरचा ग्रंथकार झाला, लोमन अनेक वर्षे येल विद्यापीठाचा सचिव होता, आणि हॉवर्डने धर्मोपदेशकाचा व्यवसाय स्वीकारला व उतारवयात या मंडळीच्या स्थापनेची हकीकत लिहून ठेवली. मंडळीला नाव हवे होते, आणि ते फाउलरने सुचविले. विन्झर मके याच्या लोकप्रिय चित्रमालिकेवरून व्हिक्टर हर्बर्टने रचलेली ‘लिट्ल निमो’ ही संगीतिका १९०८ च्या शरदात न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आली होती, आणि तिच्यात जोसेफ कॉथॉर्न नावाचा विनोदी नट ‘व्हिफनपूफ’ नामक एका अद्भुत, कोठेही नसलेल्या प्राण्याच्या शिकारीची लोणकढी थाप रंगवून सांगत असे. या शब्दाला अर्थ नाही, त्याचे मूळ कोणत्याही कोशात नाही, आणि तो उच्चारताच ओठांवर हसू येते, एवढ्याच गुणांवर तो मुलांच्या पसंतीस उतरला. प्रौढ विद्वज्जनांनी ठेवलेली भारदस्त नावे काळाच्या ओघात कितीतरी लोपली. ऐन तारुण्यातल्या हास्यातून जन्मलेले हे निरर्थक नाव मात्र टिकून राहिले.

नावापेक्षाही ज्याने मंडळीला चिरस्थायित्व दिले ते तिचे गीत. मिनिगरोड व पॉमरॉय यांनी त्याचे शब्द बांधले, परंतु ते बांधताना त्यांनी ज्या कवितेचा साचा घेतला ती रडयार्ड किपलिंगची ‘जेंटलमेन रँकर्स’ ही कविता होती. या ठिकाणी मराठी वाचकाने किंचित थांबावे. किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईस झाला, आणि तोही आपल्या सुपरिचित सर जे. जे. कलाशाळेच्या आवारात, त्याचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग त्या शाळेत शिल्पकलेचे अध्यापक होते. पुढे पत्रकार म्हणून हिंदुस्थानात वावरताना त्याने ब्रिटिश पलटणींतील शिपायांचे जीवन जवळून पाहिले, आणि १८९२ च्या ‘बॅरॅक-रूम बॅलड्स’ या संग्रहात आलेल्या या कवितेत त्याने अशा तरुणांचा विलाप गाइला, जे चांगल्या घरी जन्मले, शिकले, पण आपल्या हातांनी आयुष्याची माती करून अखेर परमुलखात साध्या शिपायाच्या गणवेशात तोंड लपवून राहिले. वाट चुकलेल्या मेंढरांची तिच्यातली उपमा येलच्या मुलांनी आपल्या गीतात आणली, मेंढराच्या आर्त बें-बें ध्वनीसकट आणली, आणि लुईच्या मेजाभोवती जमलेल्या सुखवस्तू घरांतील मुलांच्या मुखी तो विलाप घातला. चालीचे कर्तृत्व कोणी ओहायोतील न्यायाधीश टॉड गॅलोवे यास देतात, कोणी हार्वर्डच्या गाय स्कलला देतात.

प्रथमदर्शनी ही उसनवारी विसंगत वाटेल. ज्यांच्यापुढे अधिकाराची व वैभवाची सारी दारे उघडी होती, त्यांनी उद्ध्वस्त शिपायाचे दुःख का गावे? परंतु पदवीच्या अंतिम वर्षाला असलेल्या तरुणाचे मन ज्याने जवळून पाहिले आहे त्याला यात विसंगती दिसणार नाही. चार वर्षे ज्यांच्यासह रात्री जागविल्या ते मित्र उन्हाळा येताच पांगणार, हे मेज दुसऱ्या मुलांचे होणार, आणि आपले नाव येथे कोणाच्या स्मरणातही राहणार नाही, ही जाणीव श्रीमंताच्या मुलाला गरिबाच्या मुलाइतकीच होते. गीताचा खरा विषय विसरले जाणे हा आहे; आणि ज्या मंडळीने आपले स्वतःचे गीतच आपल्या लोपाविषयी निवडले, तिने आपल्या घटनेचे पहिले कलम जणू त्यातच लिहून ठेवले.

मोरीजमधल्या वहिवाटीतही हाच भाव एका निराळ्या रूपाने दिसतो. १९१२ साली जुनी जागा सोडून ते भोजनगृह यॉर्क रस्त्यावर आले आणि विद्यार्थी व माजी विद्यार्थी यांचा क्लब झाले. तेथील जाड लाकडी मेजांवर पिढ्यानुपिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी आपली नावे व आद्याक्षरे कोरून ठेवली आहेत. चांदीचा एक मोठा, कानांचा पेला रंगीत पेयाने काठोकाठ भरून मेजावर आणतात. तो एकाकडून दुसऱ्याकडे फिरत जातो, आणि ज्याच्या वाट्याला शेवटचा घोट येईल त्याने, इतर गात असताना, तो पार रिता करून डोक्यावर उपडा धरायचा, म्हणजे तळाशी थेंबही उरला नाही याची सर्वांची खात्री पटते. मग तोच पेला पुन्हा भरला जातो.

या मंडळीची कीर्ती न्यू हेवनच्या बाहेर गेली ती प्रथम तिच्या गायकांच्या द्वारे. पुढे अमेरिकन रंगभूमीचा अग्रगण्य गीतकार झालेला कोल पोर्टर १९१३ साली पदवी घेण्यापूर्वी या मंडळीत गाइला होता, आणि अमेरिकेच्या सिनेटवर निवडून गेलेला प्रेस्कॉट बुश, ज्याचा पुत्र व नातू दोघेही राष्ट्राध्यक्ष झाले, हाही तिच्यातलाच. १९३० नंतरच्या दशकात येलचाच पदवीधर रूडी व्हॅली याने नभोवाणीवरून हे गीत घरोघरी पोचविले, आणि १९४७ साली बिंग क्रॉस्बीच्या ध्वनिमुद्रिकेने तर ते सामान्य लोकांच्या ओठांवर आणून ठेवले. दरम्यान या रीतीचे अनुकरणही वाढत होते. येलमध्येच १९१४ साली धाकट्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी ‘स्पिझविंक्स’ ही मंडळी काढली. १९३६ साली स्मिथ या महिला महाविद्यालयातील मुलींनी मुद्दाम याच नावाची छाया घेऊन ‘स्मिफनपूफ्स’ स्थापन केली. प्रिन्स्टनमध्ये १९४१ साली ‘नासून्स’ आणि हार्वर्डमध्ये १९४६ साली ‘क्रोकोडिलोज’ निघाली. आज अमेरिकेतील शेकडो महाविद्यालयांत वाद्यांवाचून गाणाऱ्या विद्यार्थी-मंडळ्या आहेत.

मंडळीचा जाबता साधा आहे. वसंतात तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली जाते, आणि जाणारे चौदा जण येणाऱ्या चौदांची निवड करतात. संगीताची धुरा ज्याच्याकडे असते त्याला ‘पिचपाइप’ हेच नाव आहे, म्हणजे ज्या स्वरनळीने तो सूर देतो तिचेच नाव त्याच्या पदाला मिळाले आहे. आणि हिशोब, प्रवास, बिदागी यांचा कारभार पाहणारा दुसरा एक गायकच असतो. काळा लांब कोट, शुभ्र टाय आणि पांढरे हातमोजे हा समारंभाचा पोशाख. कार्यक्रम इतके असतात, आणि वर्षअखेरीस देशोदेशींचा दौरा इतका लांबतो, की पुष्कळ गायकांनी त्याकरिता विद्यापीठाच्या अभ्यासातून एक वर्षाची रजाच घेतलेली आहे. वेतन घेणारा गुरू नाही, वरून हुकूम देणारा अधिकारी नाही. वीस-एकवीस वर्षांच्या मुलांनी वीस-एकवीस वर्षांच्या मुलांना शिकवायचे, आणि तेही आपण निघून जाता जाता.

आपल्या घराण्यांशी याची तुलना केली तर अंतर केवढे दिसते! आपल्याकडे शिष्य गुरूच्या घरी दहा-दहा वर्षे राहतो, गुरूच्या गळ्यातला कणस्वर आपल्या गळ्यात उतरवतो, आणि गुरू हयात असेपर्यंत परंपरेला एक सजीव प्रमाण उपलब्ध असते. येथे प्रमाण म्हणून हाती उरतात ती काही हस्तलिखित स्वरलेखने, जुन्या ध्वनिमुद्रिका, आणि वर्षानुवर्षे गाइली जाणारी ठराविक पदे. तरीही परंपरा मोडत नाही. कारण जी गोष्ट एका पिढीकडून दुसरीकडे जायला हवी ती चाल किंवा शब्द नसून ऐकण्याची सवय आहे, आणि ती चांगल्या सहवासात एका वर्षातही लागू शकते. शेजाऱ्याच्या स्वरापुढे आपला स्वर आवरता घेणे ज्याला आले, त्याला वर्षअखेरीस आपली जागा दुसऱ्याच्या स्वाधीन करणेही अवघड जात नाही. मंडळी टिकली ती गायकांच्या तेजावर जितकी, तितकीच या आवरते घेण्यावर.

परंतु कान जितका उघडा होता तितके दार उघडे नव्हते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. येलच्या पदवी अभ्यासक्रमाला स्त्रियांना १९६९ सालापर्यंत प्रवेशच नव्हता. त्या वर्षी विद्यार्थिनी आल्या आणि लगेच त्यांनी ‘न्यू ब्लू’ ही आपली स्वतंत्र गायनमंडळी उभी केली. पण मोरीजच्या मेजावर सदस्या म्हणून बसण्याचा अधिकार त्यांना मिळेना. शेवटी क्लबच्या मद्यपरवान्याचा वाद सरकारदरबारी गेला, आणि १९७४ साली मोरीजने स्त्रियांना सदस्यत्व दिले. १९८१ साली अंतिम वर्षाच्या विद्यार्थिनींनी ‘व्हिम अँड ऱ्हिदम’ नावाची मंडळी काढली. तिचे गाणे कोणत्याही तऱ्हेने उणे नव्हते, परंतु जुन्या मंडळीला नावामुळे मिळणारा मान, आमंत्रणे आणि माजी गायकांचा आधार या गोष्टी नव्या मंडळीच्या वाट्याला तितक्या येत नव्हत्या. आणि म्हणून मुलींनी व्हिफनपूफ्समध्येच जागा मागावी, हे स्वाभाविक होते. विद्यार्थ्यांनी ही मागणी एकाहून अधिक वेळा नाकारली. जुन्या लोकांचा मुख्य आक्षेप असा होता, की पुरुषकंठांचा विशिष्ट नाद हेच या मंडळीचे वैशिष्ट्य असून ते मोडले तर बाकी काय राहिले?

हा आक्षेप क्षुल्लक नव्हता, आणि त्याला मिळालेले उत्तरही मला फार मार्मिक वाटते. २०१८ च्या प्रारंभी दोन्ही मंडळ्यांनी मिळून असे ठरविले, की प्रवेशाचा विचार करताना गायक पुरुष आहे की स्त्री हे न पाहता केवळ त्याच्या कंठाची कक्षा पाहावी. टेनर व बास या खालच्या कक्षेत ज्यांचा गळा सहज फिरतो ते व्हिफनपूफ्समध्ये जातील, सोप्रानो व आल्टो या वरच्या कक्षेतले दुसऱ्या मंडळीत. त्याच वर्षी पहिल्या विद्यार्थिनीची निवड झाली, आणि एकशे नऊ वर्षांचा तो नाद मोडला नाही. जो स्वर मंडळीला हवा होता तो तिच्या गळ्यात होता. डोळ्यांनी केलेली परीक्षा बाजूला ठेवून कानांनी केलेली परीक्षा प्रमाण मानली, एवढाच काय तो फरक. आणि जी मंडळी ऐकण्यावर जगली, तिने अखेर आपल्याच विद्येवर विश्वास टाकला, असे मी या निर्णयाचे सार समजतो. न्हाव्यांच्या दुकानांतून स्वरमेळ घोळविणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणांनाही पूर्वी कोणी कानांनी ओळखले असते, तर या कलेच्या इतिहासातली कितीतरी पाने निराळी लिहिली गेली असती.

संस्था जुनी झाली म्हणजे तिचा मोठेपणा तिच्या भिंतींत, तिच्या चांदीच्या पेल्यांत आणि मेजावर कोरलेल्या नावांत आहे असे वाटू लागते. ती नावे मी तुच्छ मानीत नाही. लाकडावर चाकूने नाव कोरणाऱ्या तरुणाची धडपड मनुष्यमात्राची आहे. परंतु मंडळीला जिवंत ठेवणारी गोष्ट त्या मेजावर कोठेही कोरलेली नाही. वर्ष संपते, चौदा जण आपापल्या वाटेने जातात, आणि शरदात पहिल्या सोमवारी नवे चौदा जण त्याच जागी अर्धवर्तुळ करून उभे राहतात. त्यांच्यातला कोणी तरी स्वरनळी ओठांशी नेतो. खोलीत खणखणाट चालूच असतो. फुंक जेवणाऱ्यांपैकी कोणाला ऐकू येत नाही, आणि शेजाऱ्याचा स्वर ऐकण्यासाठी मात्र चौदाही जण कान टवकारून उभे असतात.